काळीवरचा गाडीखाना

वऱ्हाडातील जुनी माणसे जमिनीचे दोनच भाग मानीत, काळी आणि पांढरी. काळी पिकवण्यासाठी, पांढरी राहण्यासाठी. नांगर काळीत चालावा आणि चूल पांढरीत पेटावी, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता होता. घरांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, धाबे पांढऱ्या मातीचे, गढ्यांचे बुरूजही त्याच मातीचे. यात काही अंधश्रद्धा नव्हती, अनुभव होता. आज वाशीम जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी जा, गावठाण केव्हाच भरून गेले आहे. काल-परवापर्यंत जेथे सोयाबीन आणि तूर उभी होती, तेथे दगड रोवून ले-आऊट पडले आहेत. आमचे घर अशाच एका ले-आऊटमध्ये, मंगरूळपीरच्या कडेला आहे. म्हणजे जुन्या हिशोबाने आम्ही उभयता राहायला नको तेथे राहतो.

मूळचे आम्ही वसईकडचे. नोकरीच्या निमित्ताने इकडे आलो तेव्हा वाशीम हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता. अकोल्यातून वेगळा होऊन तो १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. किनाऱ्यावरच्या माणसाला ही काळी माती कळायला फार दिवस लागतात. दख्खनचा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्याची झीज होऊन ही माती तयार झाली. तिच्यातील चिकणमातीला मॉन्टमोरिलोनाइट असे जिभेला पीळ देणारे नाव आहे. तिचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आकसतात. पावसाळ्यात जमीन घराला वर ढकलते, उन्हाळ्यात तेच घर खाली सोडून देते. वैशाखात अंगणातल्या भेगांत मनगटापर्यंत हात जातो. आषाढात दारे चौकटीत अडकतात, माघात पुन्हा मोकळी होतात, आणि भिंतींवर खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरप्या चिरा निघतात. आमच्या स्वयंपाकघरातली अशी एक चीर आम्ही आजवर चार वेळा बुजवली आहे. ती दर वर्षी आपल्या ऋतूला न चुकता हजर होते.

प्रभू येशूने वाळूवर आणि खडकावर बांधलेल्या दोन घरांचा दाखला दिला, तो आपण सर्वांनी लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकला आहे. मत्तय आणि लूक दोघांनीही तो नोंदवला आहे. परंतु त्या शहाण्या माणसाने खोल खणले, हा तपशील एकट्या लूकने दिला आहे. वऱ्हाडात राहणाऱ्याला लूकचा दाखला अधिक पटतो. येथे खडक वर दिसत नाही, त्याच्यापर्यंत खणत जावे लागते. आणि वाळूचे म्हणाल, तर येथला गवंडी काळी माती उपसून त्या जागी मुद्दाम वाळू नाही तर मुरूम भरतो. वाळू निदान पाणी पिऊन फुगत तरी नाही!

आता मूळ विषयाकडे येतो. आमच्याकडे एक मारुती ओम्नी गाडी आहे, जुनीच घेतलेली. कंपनीने २०१९ मध्ये हे मॉडेल बनवणे बंद केले, तरी खेड्यापाड्यांतून ती अजून धावताना दिसते. गाडी कागदोपत्री आमची. पण प्रत्यक्षात ती पंधरा-वीस घरांची आहे. नाताळाला आणि पुनरुत्थानाच्या सणाला तिच्यातून आम्ही अकोल्याला मिस्सेला जातो, तेव्हा आणखी दोन कुटुंबे सोबत असतात. रामनवमीला तीच गाडी शेजारच्या म्हाताऱ्यांना घेऊन पोहरादेवीच्या यात्रेला जाते. लग्नाची भांडी, परीक्षेची मुले, बाळंतिणी, सगळे तिच्यातून गेले आहेत. ही गाडी वर्षानुवर्षे उघड्यावर कडुनिंबाखाली उभी असे. उन्हाळ्यात ४४ अंशांच्या झळा, पावसाळ्यात चिखल, आणि बारमाही वानरांचा धुमाकूळ. वानरे निंबावरून थेट टपावर उड्या घेतात. टपाचा पत्रा त्यांनी पार बसवून टाकला होता. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यावर जी भयंकर गारपीट झाली, तेव्हापासून गाडीला छप्पर करावे असे आमच्या मनात होते. परंतु पैशाला दुसऱ्या वाटा फुटत गेल्या आणि गाडी तशीच राहिली.

२०२२ च्या जुलैमधील ती रात्र. शेजारचे एक स्नेही, एस.टी.च्या आगारातून निवृत्त झालेले फिटर, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो, रात्री साडेअकराच्या सुमारास दारात आले. त्यांच्या आईचे तोंड वाकडे झाले होते, उजवा हात उचलत नव्हता, शब्द फुटत नव्हता. रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली होती. आम्ही किल्ली फिरवली. गाडीने साधा आवाजही केला नाही. भाऊंनी पुढचे आसन उचलले, कारण ओम्नीचे इंजिन आसनाखालीच असते, आणि विजेरीच्या उजेडात पाहिले. उंदरांनी तारा कुरतडून टाकल्या होत्या. पाऊस सुरू झाला की काळीच्या भेगा मिटतात, बिळांत पाणी शिरते आणि शेतातले उंदीर कोरडी जागा शोधत घरादारांकडे येतात. कालच संध्याकाळी चाललेली गाडी रात्री मुकी झाली होती.

भाऊ हयातभर गाड्या दुरुस्त करीत आलेले. पण आई ओट्यावर निजलेली आणि हातात तुटलेल्या तारांचा झुबका, अशा स्थितीत त्यांचेही हात थरथरत होते. शेवटी दोन गल्ल्यांपलीकडचा एक ऑटो उठवला, अर्ध्या वाटेवर एका ओळखीच्याची जीप मिळाली, आणि अकोल्याला पोहोचायला पहाट झाली. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गाठ विरघळवण्याचे औषध झटका आल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ती वेळ टळून गेली होती. आई वाचल्या. उजवा हात आणि बोलणे मात्र गेले ते गेले. पोहरादेवीच्या वाटेवर गाडीत गोरमाटी बोलीतली गाणी म्हणणारा तो आवाज आम्ही पुन्हा ऐकला नाही.

भाऊंनी या गोष्टीचा पुढे कधी उच्चार केला नाही. दिवाळीनंतर एके दिवशी मात्र ते सहज म्हणाले, “सर, या गाडीले घर पाह्यजे.” आणि थोडे थांबून, “आपुन सगळे मिळून बांधू.”

बांधायचे ठरले तेव्हा पहिला प्रश्न जागेचा आला. बहुतेकांचे म्हणणे, घराच्या भिंतीला लागून तीन बाजू करा, एक भिंत वाचेल. आमच्या गटात शाळेतील एक चित्रकलाशिक्षक आहेत. आराखडा त्यांनीच काढला. त्यांनी आणि गवंड्याने हे म्हणणे मोडून काढले. घराचा पाया एका खोलीचा, नव्या कामाचा दुसऱ्या. घराचे वजन जास्त, पत्र्याच्या शेडचे नगण्य. काळी माती फुगली की हलके बांधकाम जास्त उचलले जाते, जड कमी. दोघांना एकत्र जखडले की जोडावर चीर पडणारच. तेव्हा गाडीखाना घरापासून दहा फूट दूर, आपल्या पायावर स्वतंत्र उभा राहावा असे ठरले. बारा फूट रुंद, वीस फूट लांब, सहा खांब. बाजूने तीन फूट विटांचे काम, वर पत्रा. दरवाजा गुंडाळायचा नको, कारण त्याच्या वरच्या पेटीपाशी आणि खाली फट राहते. दोन पाखांचा लोखंडी दरवाजा हवा, खाली बोटही जाऊ नये असा. आराखड्याच्या कोपऱ्यात सरांनी उंदराचे एक सुंदर चित्र काढून त्यावर फुली मारली होती.

काम मे महिन्यात, २०२३ मध्ये सुरू झाले. आणि पहिल्याच दिवशी एक गोष्ट घडली, तिने आम्हांला इतर सगळ्यापेक्षा अधिक विचारात पाडले. मित्रमंडळी कुदळी, पावडी घेऊन जमली होती. हसणे-खिदळणे चालले होते. रस्त्याच्या कडेला एक मजूर बाई नवऱ्यासोबत उभी राहून पाहत होती. मे महिना म्हणजे शेतमजुराचा रिकामा महिना. पेरणीला अवकाश, तूर-कापूस केव्हाच निघालेला. ती सरळ आत आली आणि म्हणाली, “बाई, तुमचे सोयरे-दोस्त फुकट खड्डे खंदतीन, तं आमी कोनाच्या दारी जावं?”

कोणी काही बोलेना. श्रमदान हा शब्द आपल्याकडे फार पवित्र मानला जातो, आणि तो आहेही. गाडगेबाबांनी खराटा हातात घेतला तो याच वऱ्हाडात. तुकडोजी महाराजांनी गावोगाव माणसे एकत्र आणून कामाला लावली. शेतकऱ्यांची इर्जिक तर त्याहून जुनी: एकाच्या शेतावर सगळ्यांनी आपापले औत आणायचे, दिवसभर राबायचे आणि त्याच्या घरी जेवून परतायचे. फिलिपिन्समध्ये शेजारी मिळून अख्खे बांबूचे घर खांद्यावर उचलून दुसरीकडे नेत, त्याला बायानिहान म्हणतात. आमच्या वसईतही लग्नघरचा मांडव वाडीने घालायचा असे. परंतु या सर्व प्रथांत एक गोष्ट गृहीत असते. ज्याने मदत केली त्याच्याकडे मदत मागण्यासारखे काही शेत, काही घर, काही कार्य असते. ज्याच्याकडे विकायला फक्त दिवसाची मेहनत आहे, त्याला फुकटचे काम परवडत नाही. आणि दुसऱ्याचे फुकटचे काम तर त्याचा घासच काढून घेते. पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ रोजी ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्र काढून मजुराला कुटुंब पोसण्याइतकी मजुरी मिळाली पाहिजे असे ख्रिस्तसभेच्या वतीने बजावले. २०२५ मध्ये निवडून आलेल्या चौदाव्या लिओंनी ते नाव घेण्यामागे त्याच परिपत्राची आठवण सांगितली. आमच्या अंगणात उभ्या राहिलेल्या त्या बाईने परिपत्र वाचलेले नव्हते. तिचा प्रश्न मात्र तोच होता.

भाऊंनीच तोड काढली. खोदकाम आणि गवंडीकाम मजुरीने, चालू दराने, रोजच्या रोज रोख. लोखंडाचे काम, पत्रे चढवणे, मुरूम ठोकणे, पाणी मारणे, ही कामे मित्रांची. खर्च वाढणार होता हे उघड होते. पण कोणी हरकत घेतली नाही. त्या नवरा-बायकोने आणि त्यांच्या एका पुतण्याने सहाही खड्डे खणले. साडेपाच फुटांवर पिवळसर मुरूम लागला तेव्हा त्या बाईने मूठभर वर फेकला आणि “घ्या, लागलं तुमचं सोनं” म्हणून हाक दिली.

पायाविषयी चार शब्द अधिक लिहितो, कारण काळीत घर बांधू इच्छिणाऱ्या कोणाला तरी ते उपयोगी पडतील. जेथे मुरूम फार खोल असतो तेथे रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने प्रचारात आणलेले, खाली कंद फुगवलेले खांब वापरतात. जमीन ऋतूप्रमाणे जेथवर हलते त्याच्या खाली तो कंद रुतवून ठेवतात. आम्हांला त्याची गरज पडली नाही. पण जमिनीवरच्या फरशीकडे लोक दुर्लक्ष करतात, ते करू नये. आम्ही आतली दोन फूट काळी माती पूर्ण उपसून काढली आणि मुरूम भरला. तोही एकदम नाही. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि मग धुम्मस. हे धुम्मस चालवण्याचे काम पाच दिवस संध्याकाळी चालले. उपसलेली काळी एका शेतकरी मित्राने ट्रॉलीने नेली आणि आपल्या खडकाळ तुकड्यावर पसरली. काळी काळीत गेली.

या पाच संध्याकाळी आम्हांला नहेम्याची आठवण होत होती. यरुशलेमचा कोट पुन्हा बांधताना कोणी कोठला भाग बांधला याची लांबलचक यादी त्याने आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात दिली आहे. वाचताना आपण ती सहसा ओलांडून पुढे जातो. पण तिच्यात सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये बनवणारे आहेत, एका अधिकाऱ्याच्या मुली आहेत. आपापल्या घरासमोरचा तुकडा बांधणारे तर कितीतरी. आणि तकोवाच्या मोठ्या लोकांनी मात्र मान वाकवली नाही, हेही त्याने न विसरता लिहून ठेवले आहे! आमच्या मित्रांत धान्याचे एक जैन व्यापारी आहेत. लोखंड आणायला त्यांनी आपला ट्रक दिला, आणि मग निंबाखाली खुर्ची टाकून सूचना देत बसले. तकोवाची गोष्ट आम्ही त्यांना सांगितली तेव्हा ते पोट धरून हसले, आणि दुसऱ्या दिवशी जुना सदरा घालून आले. त्यांनी त्या दिवशी मुरुमाची नेमकी बावीस घमेली वाहिली. हा आकडा त्यांनीच मोजला आणि आजही ते तो सांगतात.

काँक्रीट टाकल्यावर खरी अडचण आली ती पाण्याची. उन्हाळ्यात, कोरड्या वाऱ्यात, ओतलेले काँक्रीट निदान दहा दिवस ओले राहिले पाहिजे. नाहीतर वरून टणक दिसते आणि आतून भुसभुशीत राहते. मेमध्ये आमच्या भागात नळाला पाणी किती दिवसांनी येईल याचा नेम नसतो. बांधकामावर चांगले पाणी ओतणे हे कोणाच्याही डोळ्यांत खुपावे. तेव्हा खांबांच्या बुडांना आणि तुळयांना गोणपाट गुंडाळले, आणि भोवतालच्या सात घरांनी धुण्याचे शेवटचे, साबण नसलेले खळबळलेले पाणी बादल्यांतून आणून त्यावर ओतले. सकाळी एक घर, दुपारी एक, संध्याकाळी एक, असा पाळीचा कागद आमच्या दाराला चिकटवला होता. भाऊंची आई डाव्या हाताने तांब्या घेऊन येई. पाळीच्या कागदावर तिचे नाव नव्हते. ती रोज येई.

कैच्या जोडण्याचे काम दर्ग्याजवळ दुकान असलेल्या एका तरुण वेल्डरने केले. दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे आमच्या गावाच्या नावाला ‘पीर’ लागले आहे, हे वाचकांना ठाऊक असेल. त्याने आपल्या कामाचे पैसे घेतले नाहीत, सळया आणि विजेचे तेवढे घेतले. त्याची बहीण बाळंतपणासाठी याच गाडीतून अकोल्याला गेली होती. पत्रे चढवण्याचा दिवस ठरला. उघड्या छपराला वाऱ्याचे भय दुहेरी असते. वरून जाणारा वारा पत्र्याला वर ओढतो, आणि दार उघडे असेल तर आत शिरलेला वारा खालून ढकलतो. म्हणून कडेच्या ओळींत हुक जवळजवळ आणि प्रत्येकाखाली रबराची चकती. अर्धे पत्रे चढले होते, आणि दुपारी चारला पश्चिमेकडून धुळीचा पडदा उठला. अवकाळीच ती. वर असलेल्यांना खाली उतरवले, चढलेल्या पत्र्यांवरून बैलगाडीचे नाडे टाकून दोन्हीकडून आठ-आठ माणसांनी धरून ठेवले. खाली रचलेल्या पत्र्यांच्या थप्पीवर आमचे व्यापारी मित्र आणि आणखी तिघे वजनदार गृहस्थ बसून राहिले. पाऊण तास असा गेला. वेल्डर डोळे मिटून काही पुटपुटत होता, भाऊ सेवालाल महाराजांचे नाव घेत होते, आणि आमच्या ओठांवर ‘नमो मरिये’ होते. एक पत्रा उडून शेजारच्या कुंपणात अडकला. बाकी सारे टिकले. तो वाकलेला पत्रा ठोकून सरळ केला आणि मागच्या बाजूला लावला. अजूनही ओळखू येतो.

काम संपल्याचे जेवण जेवणाऱ्यांच्या रीतीभातींमुळे जरा कठीण कोडे होते. व्यापाऱ्यांना कांदा-बटाटा चालत नाही, कोणाचा त्या दिवशी उपवास, कोणाला मटण हवे. शेवटी रोडगे, तुरीचे वरण आणि वांग्याची भाजी ठरली, एका भांड्यात कांद्या-लसणाविना वेगळी. गोवऱ्यांचा आर घालून रोडगे भाजण्याचे काम त्या मजूर नवरा-बायकोने अंगावर घेतले, आणि त्या दिवसाची मजुरी घ्यायला साफ नकार दिला. “आज मजुरी न्हाई, आज पंगत हाय,” बाई म्हणाली. अकोल्याहून फादर आले होते. त्यांनी आशीर्वाद देऊन पवित्र पाणी शिंपडले, भाऊंनी नारळ फोडला, वेल्डरने फातिहा म्हटला. कोणाला त्यात विसंगती वाटली नाही. फादरांनी संत योसेफाविषयी चार वाक्ये सांगितली. शुभवर्तमानातला मूळ ग्रीक शब्द केवळ सुताराचा नाही, बांधकाम करणाऱ्या कारागिराचाही आहे. पोप बारावे पायस यांनी श्रमिक संत योसेफाचा १ मेचा सण १९५५ मध्ये घालून दिला, आणि त्याच वर्षी, त्याच महिन्यात, ८ तारखेला आपले अमरावती धर्मप्रांत स्थापन झाले. ही शेवटची गोष्ट आम्हांलाही नवी होती.

तेव्हापासूनचे पावसाळे गाडीखान्याने पाहिले आहेत. फरशीला डाव्या कोपऱ्यात केसासारखी एक रेघ आली आहे. गवंडी म्हणतो, ती वाढत नाही. दोन पाखांच्या दरवाजाचे उजवे पाख श्रावणात थोडे घासते. तारा शाबूत आहेत. वानरे आता पत्र्यावर नाचतात आणि आवाज दुप्पट होतो, त्याला इलाज नाही.

दरवाजाच्या कुलपाच्या तीन किल्ल्या करून घेतल्या आहेत, गाडीच्याही तीन. एक जोडी आमच्याकडे, एक वेल्डरच्या दुकानात. तिसरी भाऊंच्या घरी दाराच्या आतल्या खिळ्याला टांगलेली असते, त्यांच्या आईच्या खाटेवरून डावा हात पोहोचेल इतक्या उंचीवर.